हात सोडायचा नाही

दादा येणार नाहीत असं घरात सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. त्यामुळे ते खरोखरच आले, इस्त्रीचा सदरा, पॉलिश केलेले बूट, वहिनी दोन पावलं मागे, तेव्हा आनंद वगैरे राहिला बाजूला. आधी खुर्च्यांचा प्रश्न उभा राहिला. कारण अक्का अगोदरच येऊन बसल्या होत्या.

दाराशी तिकिटांच्या टेबलावर भिंगरीची आई होती. महोत्सवाला माणसं कमी पडत होती आणि हिला स्वस्थ बसवत नव्हतं, म्हणून लेकीच्या नाटकाची तिकिटं फाडायला ती स्वतःच उभी राहिली होती. दादांना पाहून तिने हातातलं तिकीट अर्धंच फाडलं आणि नवऱ्याला कोपराने ढोसलं.

"दादा आले!"

"कोण दादा?" बाळने विचारलं.

"कोण दादा काय विचारता? तुमचे दादा! आता बसवायचं कुठे?"

बाळ साठीला टेकलेला, डोक्यावरचं पीक कधीच निघून गेलेलं; पण शेंडेफळ ते शेंडेफळ, घरात तो अजून बाळच होता. त्याने लांबघरात डोकावून पाहिलं. दोन्ही लांब भिंतींना लागून खुर्च्यांची एकेक रांग आणि मधल्या पट्ट्यात नाटक, अशी मांडणी होती. दुसरी होणारच नव्हती. लांबघराची रुंदी अशी की दोन हातगाड्या समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावं लागेल, आणि लांबी अशी की या टोकाला दिलेली शिवी त्या टोकाला पोचेपर्यंत देणाऱ्याचा राग निवलेला असायचा. या घराण्याच्या तीन पिढ्यांनी तिथे दोर वळले. बोटींचे, तंबूंचे, विहिरींचे, सर्कशीचेसुद्धा. जेवढा लांब दोर, त्याहून लांब घर, एवढा तो साधा हिशेब. पुढे धंदा बसला, छत गळायला लागलं, नगरपालिकेने वास्तू ताब्यात घेऊन डागडुजी केली, आणि आता तिथे नव्या नाटकांचा महोत्सव भरला होता. ज्यांचं एकही नाटक आजवर उभं राहिलेलं नाही, अशांचीच नाटकं. बाळची भिंगरी त्यांतली एक.

"अक्का खिडक्यांच्या बाजूला आहे," बाळ म्हणाला. "दादाला भिंतीच्या बाजूला बसवू."

"म्हणजे समोरासमोर!"

"मध्ये नाटक आहे की."

"अहो, तासभर एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतील ती दोघं!"

"नाहीतर नाटकाकडे बघतील," बाळ म्हणाला. "नाइलाजाने."

आणि तो दादांचा हात धरून त्यांना भिंतीच्या बाजूला घेऊन गेला. वहिनी मागून चालत होत्या. त्यांनी जाता जाता अक्कांकडे पाहून मान हलवली, अक्कांनीही हलवली. वहिनी आणि नणंद यांच्यात कधीच काही बिनसलं नव्हतं. दोघी दर आठवड्याला फोनवर तासभर बोलायच्या, फक्त दादा फिरायला गेले की.

*

अक्का चाकाजवळ बसल्या होत्या. कोणी तिथे बसा म्हणून सांगितलं नव्हतं, पाय आपोआप तिकडे गेले होते. चाक म्हणजे लांबघराच्या वरच्या टोकाचा तो लोखंडी सांगाडा, तीन आकडे आणि एक दांडा. उभं आयुष्य त्यांनी तो दांडा फिरवला होता. आज त्याला तेल दिलेलं होतं, आकड्यांना तागाचे तीन पेड लावलेले होते, आणि ते पार खालच्या टोकाला, वजन ठेवून ताण धरणाऱ्या सरकत्या गाडीपर्यंत ताणलेले होते. तेल जरा जास्तच झालंय असं अक्कांच्या मनात आलं. मग त्यांनी मान वर केली आणि त्यांना समोरच्या रांगेत, थोडे खाली, दादा दिसले.

"बाळ," त्यांनी हाक मारली. "त्याला सांग, पंख्याखाली बसू नकोस म्हणावं. लगेच सर्दी धरते त्याला."

बाळ पलीकडे गेला. "अक्का म्हणते, पंख्याखाली बसू नकोस."

"तिला सांग, मला कळतं," दादा म्हणाले, आणि खुर्ची पंख्याखालून सरकवून घेतली.

बाळने परत येऊन सांगितलं. मधलं अंतर चार पावलांचं होतं आणि दोघांनाही सगळं स्वच्छ ऐकू आलेलं होतं, पण पद्धत म्हणजे पद्धत. वर्षानुवर्षं बाळ या दोघांचा पोस्टमन होता. पत्रं वाटेत उघडून त्यांतले काटे काढून टाकायची कलाही त्याला साधली होती. एकदा दादांनी "तिला म्हणावं, चुलीत जा" असं सांगितलं, तेव्हा त्याने अक्कांना जाऊन "दादाने तुझी चौकशी केली" म्हणून सांगितलं होतं.

हा अबोला सुरू झाला तो शेवटच्या दोराच्या दिवशी. या घराण्यात कायदा एकच. पीळ चढायला लागला की हात सोडायचा नाही. एकाने चाक फिरवायचं, आणि दुसऱ्याने तीन खाचांचा लाकडी भोवरा तीन पेडांमध्ये धरून, चाकाकडे पाठ करून, पावलापावलाने मागे मागे चालायचं. त्याच्या डोळ्यांसमोर तीन पेडांचा एक दोर होत जातो. भोवऱ्यावरचा हात मध्येच सुटला आणि गाडीवरचा ताण गेला, की कोंडलेला सगळा पीळ उसळतो आणि दोराच्या जागी गाठींचं भेंडोळं उरतं. म्हणून शिंक आली तर शिंकायचं, विंचू चावला तर ओरडायचं, पण हात न सोडता. बाळ जन्मला तेव्हा त्यांच्या वडिलांनी हातातला दोर पुरा केला आणि मगच मुलाचं तोंड पाहिलं. "मी दोरानंतरचा," असं बाळ स्वतःबद्दल सांगत असे, आणि त्यात त्याला काही वावगं वाटत नसे.

आणि अशा घराण्यातल्या थोरल्या मुलाने शेवटचा दोर अर्ध्यावर सोडला. चाकावर अक्का होत्या. त्या ओरडल्या, "दादा, ढिला येतोय! हात ढिला पडतोय तुझा!" सगळ्या कामगारांसमोर ओरडल्या, हे खरं. पण ढिला येत होता, हेही खरं. दादांनी भोवऱ्यावरचे हात काढले, गाडीचा आकडा मोकळा केला, आणि दोर उसळून कोसळत असताना ते खालच्या दाराने निघून गेले. वळून पाहिलं नाही. एका वाक्याचा एवढा राग! अक्कांना तो दिवस आठवला की अजून तळपायाची आग मस्तकात जायची.

दिवे उतरले. अक्कांनी पदर सावरला आणि त्या नाइलाजाने नाटकाकडे बघायला लागल्या.

*

भिंगरी खालच्या दाराआड उभी होती आणि फटीतून खुर्च्यांच्या रांगा पुन्हा पुन्हा मोजत होती.

"घरचे आले?" दिग्दर्शकाने कुजबुजत विचारलं. हा उंचापुरा, गळ्यात कायम मफलर, आणि प्रत्येक गोष्टीला "कमाल" म्हणणारा गडी होता.

"आलेत. काकासुद्धा."

"कमाल! मग घाबरतेस कशाला?"

"ते आलेत म्हणूनच."

नाटक दोन बहिणींचं होतं. लांबच लांब घरात दोघी दोर वळतात. थोरली चाकावर, धाकटी भोवऱ्यावर, आणि त्या अंतरावरून ओरडून ओरडून आयुष्यभराचं बोलतात. उधारी, लग्नं, आईचं आजारपण, कोण जास्त राबलं, कोणाला पायलीभर कौतुक मिळालं आणि कोणाला चिमूटभर. शेवटी धाकटी हात सोडते आणि जाते. दोर कोसळतो. दारात थांबून ती एकच वाक्य बोलते. त्या एका वाक्यासाठी भिंगरीने सबंध नाटक लिहिलं होतं, आणि ते एका माणसाने ऐकावं म्हणून तिचा जीव टांगणीला लागला होता. घरात मात्र तिने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की यात आपल्या घरचं काही म्हणता काही नाही. त्यावर कोणाचाच विश्वास बसला नव्हता. दादांना खात्री होती की चाकावरची थोरली म्हणजे अक्का. अक्कांना खात्री होती की सोडून जाणारी ती दादा. बाळला वाटत होतं की आपण त्यात कुठेच नाही, आणि ते त्याला जरा लागलं होतं.

*

पहिली दहा मिनिटं दादांनी नाटक पाहिलंच नाही. ते त्या धाकटीचे हात बघत होते. भोवरा फार वर धरते आहे. कोपरं पसरते आहे. पण पोरगी मागे मात्र झकास चालते. न अडखळता, टाच आधी. कोणी शिकवलं असेल? भिंगरीने, दुसरं कोण.

मग कधीतरी त्यांचं लक्ष हातांवरून शब्दांवर गेलं. थोरली ओरडत होती, "तुला काय, तुझ्यासमोर नुसता दोर! इकडे येणाऱ्याजाणाऱ्याशी मलाच बोलावं लागतं!" आणि धाकटी म्हणत होती, "बोलायला माणूस तरी मिळतं तुला! मला दिवसभर ताग!" लोक हसले. दादाही हसले. वहिनींनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. दादा पुढे सरकून बसले. पोरगी लिहिते बरं, असं त्यांना वाटलं, आणि छाती जरा भरून आली. भोवरा हळूहळू वर येत होता, त्याच्यामागे खरा, घट्ट, गोल दोर होत होता, आणि धाकटी आता दादांच्या अगदी पुढ्यात आली होती.

तिथे ती थांबली. तिने भोवऱ्यावरचा एक हात काढला.

दादा खुर्चीच्या कडेवर आले.

तिने दुसरा हात काढला, आणि खालच्या टोकाला उभ्या असलेल्या रंगमंच-सहायकाला, तालमीत ठरलं होतं तशी, गाडीचा आकडा मोकळा करायची खूण केली.

यापुढे जे झालं त्यात दादांचा विचार म्हणाल तर काडीचाही नव्हता. ते उठले, दोन ढांगांत मध्ये गेले, आणि सुटू पाहणारा भोवरा त्यांनी दोन्ही हातांनी पकडला. "सोडू नकोस! अगं, पीळ आहे त्यात!"

त्याच क्षणी खिडक्यांच्या बाजूने अक्का उठल्या. "ए बाई, हो बाजूला," असं म्हणून त्यांनी थोरलीचं काम करणाऱ्या नटीला खांद्याने सारलं आणि चाकाचा दांडा धरला. आणि खाली, दाराशी, बाळ आपल्या वयाचा आणि गुडघ्यांचा विचार न करता धावत सुटला, सहायकाच्या हातातून आकडा हिसकावला आणि धप्पकन गाडीवर जाऊन बसला. लहानपणी त्याला वजन म्हणून तिथेच बसवत असत. एवढं एकच काम त्याला या धंद्यात कधी मिळालं होतं, आणि ते तो विसरला नव्हता.



"चाक!" दादा ओरडले.

अक्कांनी दांडा फिरवला. दादा पाठ करून मागे चालायला लागले. एक पाऊल, दुसरं पाऊल, टाच आधी.

"ढिला येतोय, दादा!" अक्का ओरडल्या.

"तू सावकाश फिरव, मग बघ!"

"सावकाशच फिरवतेय! तेल पाजलंय नुसतं याला!"

"मग सांगायचं नाही का आधी?"

"कोणाला सांगू? तू बोलतोस का माझ्याशी?"

हशा असा फुटला की छताखालची कबुतरं उडाली. लोकांना वाटलं, हे सगळं लिहिलेलंच आहे. दोन्ही नट्या बिचाऱ्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. त्यांतल्या धाकटीने प्रसंगावधान राखून दादांच्या कपाळावरचा घाम पुसला, त्यालाही टाळी पडली. दोराच्या ओढीने गाडी वर वर सरकत होती आणि तिच्यावर मांडी घालून बसलेला बाळ राजासारखा हळूहळू लांबघरात प्रवेश करत होता. त्याने लोकांना हात केला. दादा चाकापाशी पोचले. शेवटचा पीळ बसला. अक्कांनी पेड आकड्यांवरून सोडवले, दादांनी टोकाला गाठ मारली, आणि दोर जमिनीवर ठेवला. सरळ पडला. एक वळसा नाही, एक गाठ नाही.

लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, शिट्ट्या मारत होते. दादा आणि अक्का धापा टाकत एकमेकांकडे बघत होते. दाराआड भिंगरीने कपाळाला हात लावला होता. हसू येत होतं आणि रडू येत होतं, आणि दोन्हींनी तोंड एकदमच वाकडं होत होतं.

*

"कमाल!" दिग्दर्शक म्हणाला. "कमाल, कमाल, कमाल! हाच शेवट! उद्याच्या प्रयोगालाही हाच!"

सगळे मागच्या खोलीत जमले होते, जिथे पूर्वी ताग विंचरायचे. चहा आला होता. दादा एका पेटीवर बसून तळहात चोळत होते. अक्का त्यांना लागूनच त्याच पेटीवर बसल्या होत्या, आणि त्याची दोघांपैकी कोणालाच अजून जाणीव झालेली दिसत नव्हती.

"उद्या तेल पुसून ठेवा," अक्का दिग्दर्शकाला बजावत होत्या. "आणि ताग थोडा ओला हवा. दादा, हो की नाही?"

"ओलाच हवा. कोरडा वळतात का कधी?"

"मी गाडीवर बसताना काही वाक्य घेऊ का?" बाळने विचारलं.

"घ्या की!" दिग्दर्शक म्हणाला.

"नाही," भिंगरी म्हणाली.

कोणी ऐकलं नाही. मग ती पुन्हा म्हणाली, जरा मोठ्याने, आणि सगळे तिच्याकडे वळले.

"उद्या शेवट माझाच होणार. लिहिलाय तसा."

"अगं, पण लोक उभे राहिले!" तिची आई म्हणाली. "मी दारातून बघत होते. एक बाई तर रडत होती."

"आणि दोन माणसं बोलायला लागली," बाळ हळूच म्हणाला. "भिंगरे, तुला माहीत आहे का हे काय झालंय ते? मी रिटायर झालोय आज."

भिंगरीला माहीत होतं. त्याचीच तर पंचाईत होती. आपल्या एका शेवटासाठी सगळ्यांच्या आनंदात बिब्बा घालायचा? तिने दादांकडे पाहिलं. ते अक्कांना कुठल्यातरी जुन्या दोराबद्दल सांगत होते आणि अक्का "खोटं" म्हणत होत्या, खुशीत. तिला वाटलं, जाऊ दे, राहू दे हाच. आणि मग वाटलं, जाऊ कसं देऊ?

"तसंही," अक्का तिच्याकडे वळून म्हणाल्या, "सोडून जाणारी माणसं दाखवायला नाटक कशाला हवं? घरात आहेत की."

म्हणाल्या त्या थट्टेनेच. पण दादांचे हात चोळायचे थांबले. ते उठले आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. पेटीवरची त्यांची जागा तशीच रिकामी राहिली आणि खोलीतला सगळा उजेड जरा कमी झाल्यासारखा वाटला.

"झालं," वहिनी पुटपुटल्या. "सुंभ जळला तरी पीळ काही जात नाही. दोघांचाही."

चहाच्या कपांची आवराआवर करायच्या निमित्ताने त्यांनी भिंगरीला कोपऱ्यात घेतलं.

"धाकटी जाताना काय बोलते गं?"

"कसं कळलं तुला काही बोलते ते?"

"तुझा जीव कशात अडकलाय ते दिसतंय की मला."

भिंगरीने काकूच्या कानात ते वाक्य सांगितलं. वहिनींच्या हातात कप होते, ते त्यांनी खाली ठेवले.

"हे तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. त्या दिवशी मी शाळेतून येत होते. काका त्या दारातून बाहेर आले तेव्हा मी समोरच होते. आत्याला त्यांची पाठ दिसली, काकू. मला तोंड दिसलं."

वहिनींनी खिडकीशी उभ्या असलेल्या दादांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "त्या दिवशी हे घरी आले आणि पोटभर जेवले. इतक्या वर्षांत मी त्यांना तसं जेवताना पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, अक्कांना सांगा की. तर म्हणाले, तिला काय सांगू, तिला दोर आवडतो." त्यांनी डोळे पुसले. "तू तुझा शेवट सोडू नकोस हं."

भिंगरी खिडकीपाशी गेली.

"काका, तुम्ही माझा शेवट पाहिलाच नाहीत. बघायच्या आधीच दुरुस्त केलात."

दादा बाहेरच बघत राहिले. "मला सुचलंच नाही गं दुसरं काही. हात आपोआप गेले."

"उद्या पुन्हा जातील?"

"जातील." ते जरासे हसले. "हे हात माझं कुठे ऐकतात? कधीच ऐकलं नाही त्यांनी. सात वर्षांचा होतो तेव्हा बाबांनी भोवरा दिला. मला आवडतो का म्हणून कोणी विचारलं नाही." मग मागे वळून, साऱ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाले, "पोरीने लिहिलंय तसंच होऊ द्या. मी हात बांधून बसतो."

"मी बसते शेजारी," अक्का म्हणाल्या. आवाज पडला होता त्यांचा. थट्टा लागली हे त्यांना कळलं होतं, आणि माफी मागायची या घराण्यात रीत नव्हती. "हललास तर धरून ठेवीन."

"आणि माझं वाक्य?" बाळने विचारलं.

*

दुसऱ्या दिवशीचा प्रयोग दुपारचा होता. आदल्या दिवशीची हकिकत गावभर झालेली, त्यामुळे खुर्च्या संपून लोक खिडक्यांत बसले होते. भिंगरीच्या आईने सगळ्या घरादाराला एकाच बाजूला ओळीने बसवलं. आधी वहिनी, मग दादा, मग अक्का, आणि कडेला बाळ, ज्याला बायकोने खुर्चीचा दांडा धरून बसायची शपथ घातली होती. गाडी बघितली की त्याचा भरवसा नव्हता.

नाटक रंगलं. आदल्या दिवशी न आलेले हशे आले, आणि एका जागी, थोरली आईच्या आजारपणाबद्दल बोलते तिथे, कोणी खोकलंसुद्धा नाही. अक्कांनी दादांचं मनगट धरून ठेवलं होतं, अगदी सुरुवातीपासून, पोलिसाने धरावं तसं. वहिनींनी दुसरं धरलं होतं. दादा दोघींच्या मध्ये मुकाट बसले होते.

भोवरा वर आला. धाकटी थांबली. तिने एक हात काढला.

अक्कांनी मनगटावरची पकड घट्ट केली. दादांच्या हाताला हलका झटका बसला, पण ते उठले नाहीत. धाकटीने दुसरा हात काढला, खूण केली, खाली गाडीचा आकडा सुटला, आणि दोर उसळला. तो जिवंत असल्यासारखा हवेत उडाला, वळला, आपल्याच अंगावर कोसळला, इथे गाठ, तिथे गाठ, भराभर, सबंध लांबघरभर. कोणीतरी "अरे अरे" म्हणालं.

आणि अक्का उठायला लागल्या.

त्यांना स्वतःला ते कळलं नाही. दादांचं मनगट कधी सुटलं तेही कळलं नाही. डोळ्यांपुढे दोर मरत होता आणि चाक चार पावलांवर होतं. तेवढ्यात त्यांच्या हातावर एक हात आला, मोठा, खरखरीत, आणि त्याने त्यांना हळूच खाली बसवलं.

"अक्के," दादा म्हणाले. "जाऊ दे."

दोर निपचित पडला. धाकटी तो ओलांडून खालच्या दाराकडे निघाली. सबंध नाटकभर मागे मागे चाललेली ती मुलगी आता सरळ चालत होती, आणि ते पाहायलाच इतकं बरं वाटत होतं की दोन्ही बाजूंचे लोक तिच्याबरोबर माना वळवत होते. दारात ती थांबली. वळली.

"रागावून नाही जात, ताई," ती म्हणाली. "माझं वळून झालं, एवढंच."

आणि गेली. दार उघडं राहिलं, त्यातून दुपारचं ऊन आत आलं आणि त्या भेंडोळ्यावर पडलं. कोणीच टाळी वाजवली नाही, इतका वेळ की दाराआड भिंगरी मनात आकडे मोजायला लागली.

अक्का दादांकडे बघत होत्या. दादा उघड्या दाराकडे बघत होते, गालांवरून पाणी वाहत होतं आणि तोंडभर हसू होतं, आणि दोन्ही लपवायचा त्यांचा काही विचार दिसत नव्हता.

"खरं?" अक्कांनी विचारलं.

"खरं."

"ढिला म्हटलं म्हणून नाही?"

"ढिला येतच होता, अक्के. मन नव्हतं माझं त्यात."

"कधीपासून?"

दादांनी तळहाताने जमिनीपासून लहान पोराएवढी उंची दाखवली. अक्का समजल्या. त्यांनी तोंडाला पदर लावला, आणि पहिली टाळी पडली, मग दुसरी, मग सगळं लांबघर वाजायला लागलं, आणि त्या गदारोळात, भावाच्या कानाशी तोंड नेऊन, अक्का ओरडल्या, "मग एवढी वर्षं मला उगाच तुझा राग राग करायला लावलास, मेल्या!"

"तू करत होतीस ते बरं होतं," दादाही ओरडले. "निदान आठवण तरी काढत होतीस."

भिंगरीला लोकांनी ओढून मधे आणलं तेव्हा ती दोघं अजून एकमेकांच्या कानात ओरडत होती. टाळ्या थांबल्यावरही त्यांचं ओरडणं थांबलं नाही. इतक्या वर्षांचं साठलेलं होतं, आणि मध्ये पोस्टमन नव्हता.